बिडी

अक्कोळ रस्त्याला माझं औषधाचं दुकान.
पाटीवर वर कन्नड, मोठं. खाली मराठी, बारीक.
आत गोळ्यांची नावं. ती सगळ्यांना पाठ.
"लाल कडेची द्या की," एवढं पुरतं.

संध्याकाळी सहाला कारखान्यातून बायका सुटतात.
बोटांना तंबाखूचा वास, मांडीवर सुपाचा वण,
मुकादमाला हजाराचा हिशेब देऊन
उरलेल्या सुट्या पैशांत दोन गोळ्या मागतात.
एक मानेला. एक उद्यासाठी.
मी कात्रीनं पाकीट कापतो.
एकवीस वर्षं कापतोय.
चिठ्ठी कुणाची, विचारायचं असतं.
विचारत नाही.

जैतुनबी त्यातली. नऊ वर्षं, रोज दोन.
उरुसाच्या आदल्या आठवड्यात तिचे पाय सुजले.
बेळगावच्या डॉक्टरनं मूत्रपिंडाचा कागद हातात दिला,
तो घेऊन ती आधी माझ्याकडंच आली.
"वाचून सांगा," म्हणाली.
मी वाचला.
सगळा नाही सांगितला.

आणि माझी स्वतःची मान?
काउंटरवर वाकून वाकून
गंजल्या शटरसारखी अडकलेली. डावीकडं वळेना.
गिऱ्हाईक त्या बाजूनं आलं की मी अख्खा फिरायचो.
मीही खायचो. लाल कडेची. मला तर फुकट.

तंबाखूच्या जुन्या वखारीवर, लाकडी जिन्यानं वर,
एक बाई आली होती म्हैसूरकडची, डॉक्टर चैत्रा.
मणके हातानं बसवते, म्हणायचे.
गोळी लिहीत नाही, म्हणून आमच्या धंद्यात हसायचे तिला.
मी गेलो. भर दुपारी, दुकान भाच्यावर टाकून,
गुत्त्यावर जावं तसा, इकडंतिकडं बघत.

माझ्या आधीच्या माणसाला तिनं हातच लावला नाही.
पायातली ताकद जातेय, आधी फोटो काढा, म्हणून
चिठ्ठी देऊन बेळगावला धाडला.
मला विचारत राहिली अर्धा तास:
झोपता कसे, उशी केवढी, कुठली बोटं बधिरतात.
बीपीची गोळी मात्र थांबवू नका, म्हणाली.
मला जरा वाईटच वाटलं.
वैरी म्हणून तरी चोख असायची होती.

मग डोकं तिच्या तळहातांत.
"बिडी," ती म्हणाली.
वखारीचा वास येतोय, त्याचं काहीतरी असेल.
"बिडी, बिडी."
मी म्हटलं, मी ओढत नाही.
ती हसली. तिच्याकडची बोली ती;
आमच्या इकडचे म्हणतात बिडरी.
सोडा. सैल सोडा. धरून ठेवू नका.

जन्म गेला या गावात,
आणि त्या शब्दाच्या पाठीला हे चिकटलेलं
ठाऊक नव्हतं.

सोडायला गेलो तर सुटेना.
खांद्यात कुणीतरी उभं होतं
कात्री घेऊन.

मग केव्हातरी, कट्ट.
हुबेहूब गोळी पाकिटातून निघतानाचा आवाज,
फक्त हातात काही आलं नाही.

चार खेपा झाल्या. मान पाऊण वळते.
दुकान चालू आहे, गोळ्या आहेत,
भाच्याचं लग्न ठरलंय, खर्च आहे.
उगाच साधू झालो म्हणणार नाही.
एवढंच, की आता चिठ्ठी विचारतो,
आणि काउंटरपुढं एक स्टूल ठेवलंय.

काल त्यावर जैतुनबी बसली.
गोळी बंद आहे तिची,
तरी सहाला येते. सवय.
मी कात्री खणात टाकली.
काय बोलावं कळेना, म्हणून म्हणालो, "बिडी."
"वळल्या की हजार," ती म्हणाली,
आणि दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून
रस्त्याकडं बघत बसली.

ती डाव्या अंगाला होती.
मी वळलो.
नुसत्या मानेनं.