पांढरी पाच वर्ज्य

अनुग्रह, तिसऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलंय ते आधी वाच,
मग वाजव.
पांढरी एकला षड्ज धरलाय. मारवा आहे,
म्हणजे पांढरी पाच नाही.
चुकून नाही, शोभेलाही नाही.
तुझ्या डाव्या हाताला ती सवयीनं सापडते, ठाऊक आहे मला;
चिकटपट्टीच लावणार होते तिच्यावर,
पण रविवारी बाकीची गीतं आहेत.

शब्द धाकट्या मुलाचे,
वाटा मागून गेला आणि डुकरांपाशी उपाशी बसला, त्याचे.
तो परत निघालाय, ऊन उतरलंय.
इतकंच.
मेजवानी कुठल्याच कडव्यात नाही.
पाळकसाहेबांनी विचारलं, मी म्हटलं, वेळ पुरला नाही.

चार आवाजांत मारवा बसवते म्हटल्यावर
मुरारपासून लष्करपर्यंत लोक हसले.
अकरा वर्षं उपासना चुकवून
ज्यांच्यासमोर रविवारी सकाळी बसत होते
ते गुरुजी हसले नाहीत.
गजकाचा डबा पुढे सरकवून म्हणाले,
ठीक आहे. पण सा कुठे ठेवशील?

मला प्रश्नच कळला नाही.
मग जानेवारी. धुक्यात किल्ला गायब,
चर्चमध्ये मी एकटी, मफलर, बोटं गारठलेली.
पांढरी सहा, काळी एक, पांढरी तीन
सहज एकत्र दाबल्या
आणि काय सांगू तुला, घर झालं.
उजेडाचं, भरल्या पोटाचं घर, थेट धैवतावर.
सोप्रानोंना आवडलं, टेनरना तर फारच,
मीसुद्धा आठ मात्रा तिथंच राहिले.
आणि मग षड्ज आला
तर तो परका.
दारात उभा. आत कुणी ओळखीना.

तेव्हा समजलं
त्या पोराला निघायला इतके दिवस का लागले.

बेस आपल्याकडे एकच, थिओफिलकाका पाटोळे.
नॅरोगेजवर गार्ड होते, वय एक्याऐंशी,
श्वास चार मात्रांचा.
त्यांना म्हटलं, दोन कडवी तुम्ही गप्प.
शेवटी फक्त सा.
कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले,
मुली, दोन कडवी नुसतं उभं राहायचं?
म्हटलं, बाप उभाच होता ना काका, वाटेकडे बघत.
मग म्हणाले, चालेल,
शेवटच्या डब्यात उभं राहायची सवय आहे आपल्याला.

आता तुझं काम.
कोमल रिषभावरून सा-वर मींड हवी
आणि पियानोला मींड येत नाही,
त्याच्या पट्ट्यांमध्ये भिंती आहेत.
म्हणून दोन्ही एकदम दाब. टोचेल, टोचू दे.
मग रे आधी सोड.
हळू. उचलू नकोस, सोड.
कान फसतो, त्याला घसरण ऐकू येते.
तुझ्या आठ परीक्षांत हे कुणी विचारलं नसेल,
माझ्या अकरा वर्षांतही नाही.

तिथंच खालचा सा काकांबरोबर दे,
पेडल दाबून धर आणि हात मांडीवर ठेव.
काकांचा श्वास संपेल, तार चालू राहील.
जरा वेळानं त्या तारेच्या पोटातून
पांढरी पाच आपणहून गुणगुणायला लागेल, बारीक.
मी लिहिलेली नाही. तू वाजवलेली नाहीस.
तिला थांबवू नकोस.

गुरुवारी सहाला ये. पेडल कुरकुरतं,
मी तेल आणते.