डावा हात, सीझन दोन

चौदा वर्षं मी एकच काम करते आहे :
कुणाला कुठं भाजलं, ते लिहून ठेवणं.

क्लीव्हलंड. तळ्यावरचा वारा
नकली फायर स्टेशनच्या खऱ्या शटरखालून आत येतो
आणि शॉट संपेपर्यंत कुणी शिंकायचं नसतं.

कॅप्टन टली : डावा तळहात, सीझन दोन, भाग अकरा,
मेणबत्त्यांच्या गोदामाची आग.
मेकअपवाला नवा असला की व्रण उजव्या हातावर चढवतो.
मी वहीतून मान वर न करता म्हणते, डावा.

रेनाटानं प्रुइटशी चौथ्यात लग्न केलं,
सहाव्यात सोडलं,
आठव्यात त्याला धुरातून खांद्यावर टाकून बाहेर आणलं,
आणि तेव्हापासून दोघं एकमेकांना
फक्त आडनावानं हाक मारतात.
हे काही लेखकांना सुचलेलं नाही.
ती दोन माणसं खरंच बोलत नव्हती,
पार्किंगच्या जागेवरून, म्हणे; कुणी म्हणतं पैशावरून.
संवादातलं पहिलं नाव दोघांच्याही तोंडून येईना.
पडद्यावर मात्र ते जुन्या प्रेमासारखं दिसलं.
मी लिहिलं : आडनाव. कायम ठेवणे.

नवे लेखक येतात, कॉफी घेऊन माझ्या खुर्चीशी बसतात.
प्रुइटला भाऊ होता ना?
होता. एका भागापुरता.
उसने पैसे घेऊन टोलेडोला गेला.
मग ते त्याला परत आणतात, भलत्याच नटाला घेऊन,
आणि प्रुइट धावत जाऊन मिठी मारतो,
अगदी तोच असल्यासारखी.
प्रेक्षक हसतात. मला नाही हसू येत.
इतक्या वर्षांनी भेटणाऱ्याला आपण तरी
आणखी कशी मिठी मारतो?

टली दहाव्यात गेला. छत कोसळलं.
खरं म्हणजे त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता.
अंत्ययात्रेला शहरातले खरे फायरमन बोलावले,
गणवेश त्यांचेच.
घंटा वाजली तशी दुसऱ्या रांगेतला तिसरा माणूस रडला.
दिग्दर्शकाला क्रेनची हालचाल पसंत नव्हती,
चार वेळा घेतलं.
चारही वेळा तो घंटेलाच रडला,
आणि मध्ये, दिवे सरकवत असताना,
सँडविच खात होता.
त्याचं नाव मी विचारलं नाही.
वहीत आहे : रांग २, माणूस ३, घंटेवर.

टलीचा मग अजून फळीवर असतो.
कान तुटका, तोंड भिंतीकडे.
एका पाहुण्या दिग्दर्शकानं तो हलवला, फ्रेममध्ये खुपतो म्हणून.
रेनाटाचं काम करणारी बाई,
जी चौदा वर्षांत माझ्याशी बुटांखेरीज बोललेली नाही,
वाक्य अर्ध्यात सोडून फळीकडे बघत राहिली.
मी उठले, मग जागेवर ठेवला.
तिनं वाक्य पहिल्यापासून म्हटलं.

परवा धाकटीचा फोन.
तिच्या मुलाला शाळेत पणजोबा-आजोबांवर लिहायचंय.
आपले वडील भट्टीवर भाजले होते ना,
कुठला गं हात?
डावा, म्हणाले मी. लगेच.
फोन ठेवला आणि भांड्यांचा नळ तसाच चालू.
डावा टलीचा.

मग रात्री फोटोंचा डबा काढला.
सेंट क्लेअर ॲव्हेन्यूवरचे सगळे रविवार.
एकात हात खिशात. एकात पाठीमागे.
एकात कुणाच्या तरी बारशाच्या केकआड.
ॲकॉर्डियन वाजवताना एक आहे,
पण तिथं ते स्वतःच हलले आहेत,
दोन्ही हात पांढरा धूर.

धाकटीला अजून कळवलेलं नाही.
पोरानं एव्हाना लिहिलंही असेल.

उद्या सहाला कॉल आहे.
मेणबत्त्यांचं गोदाम पुन्हा जाळायचंय, टलीच्या आठवणीत म्हणून.
त्या वेळी वारा पूर्वेकडून होता,
हे त्यांना आजच सांगायला हवं.