नऊ किलो

यादी ओजसने पाठवली. वय सव्वीस,
आपल्याला गुडघे आहेत हे त्याला अजून कळलेलंही नसावं.
'काकू, सॅक नऊ किलोच्या वर नको.'
बाळा, सतरा हंगाम मी पिंपळगावच्या पॅकहाउसात
साडेचार किलोची पेटी भरत आले.
काटा जरा पुढे सरकला तर घड उतरवून
कात्रीने चार मणी काढणारी बाई मी.
नऊ किलो म्हणजे दोन पेट्या.
एवढंच ना.

हॉलमध्ये सतरंजीवर सगळं मांडलं.
थर्मलचे दोन जोड, लोकरी मोजे चार,
देवळाली कॅम्पात टेकचंदकडून घेतलेला
जाडजूड हिरवा कोट,
आतल्या खिशावर कुणाचा तरी नंबर,
शाईचा, धुऊनही न गेलेला.
'हा वर जाऊन आलाय बाई,' टेकचंद म्हणाला,
'याला रस्ता माहीत आहे.'
मी शंभर रुपये कमी करून घेतले.

बूट मात्र नवे. ते मुरवायला
महिनाभर पांडवलेणीच्या पायऱ्या चढले,
पाठीवर पाण्याच्या सहा बाटल्या.
रोजचे फिरायला येणारे विचारायचे,
'काय, घर बदलताय का?'
'हो,' म्हणायचे, दम लागलेला असायचा,
जास्त बोलवत नसे.

थंडीचं मला कुणी सांगू नये, असं वाटायचं.
निफाडचा पारा तीनवर येतो त्या रात्री
बागेच्या बांधाबांधावर शेकोट्या पेटवून
धुराखाली घड वाचवलेत आम्ही,
डोळे चोळत, दात वाजवत, उजाडेपर्यंत.
यादीत लिहिलंय: रात्री उणे बारा.
उणे.
तो शब्द मी बोटाने झाकून पाहिला.
नुसतं बारा बरं वाटलं.

दिनकर नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजून निवृत्त झाला,
अजून काहीही मोजताना अंगठा ओला करतो.
तो एकेका वस्तूवर खूण करत गेला.
हातमोजे. कानटोपी. बॅटरी. शिट्टी.
शिट्टीपाशी अडला.
'ही कशाला?'
'हरवले तर वाजवायला.'
त्याने ती तोंडात धरून हलकेच फुंकली,
बाल्कनीतल्या वाळत्या टॉवेलाकडे बघत.
मग सदऱ्याला पुसून वरच्या कप्प्यात ठेवली,
हाताला पटकन लागेल अशी.

दाराच्या चौकटीला लटकता काटा अडकवला.
अकरा किलो सातशे.

मग सुरू झाली विरळणी.
एक सुती साडी, 'असू दे, लागेल' म्हणून भरलेली.
कुणाला लागेल? काढली.
यमुनाने दिलेली शेंगदाण्याची चटणी, निम्मी काढली.
आणि ती मोठी पिशवी:
कुणाचं डोकं दुखलं, कुणाचं बटण तुटलं,
कुणाला पित्त झालं, कुणाची चप्पल उसवली तर.
अठरा जणांचा गट, एकालाही मी ओळखत नाही,
आणि सगळ्यांचं घेऊन निघाले होते.
ती सतरंजीवर ठेवली तेव्हा
हात जरा वेळ तिच्यावरच राहिला.

दिनकरने हॅक्सॉने टूथब्रशचा दांडा निम्मा केला.
असतील पाच-सहा ग्रॅम.
पण त्याला बरं वाटलं.

नऊ किलो तीनशे.
तीनशे म्हणजे बेदाणे.
गेल्या हंगामातले, सोळा मिलीमीटरच्या कडीतून
खाली पडलेले, आकारात नापास,
बोटीत न चढलेले मणी.
मीच वेचून आणले होते, गच्चीवर वाळवले होते.
'हे काढ,' दिनकर म्हणाला.
मी काढले
आणि कोटाच्या आतल्या खिशात ओतले,
त्या नंबराच्या मागे.
अंगावरचं वजन यादीत धरत नाहीत.

काटा नऊवर थांबला.
पाच वाजून चाळीसची गाडी, रिक्षा साडेचारला.
दिनकरने अंगठा ओला केला
आणि यादी पुन्हा
पहिल्यापासून मोजायला घेतली.