एक शब्द खोडण्यापुरता अर्ज

आमचा अर्ज लहान होता.
कायदा मोठा, त्यातलं एक कलम,
कलमातला एक शब्द.
'परंपरेचं जंगल म्हणजे
गावाच्या वहिवाटीतलं सरकारी जंगल.'
त्यातला 'सरकारी' काढा, एवढंच म्हणणं.
बाकीचं वाक्य राहू दे,
त्याला चालता येतं की नाही
ते आम्ही बघू.

मी दुभाषी, मर्सेलिना.
पाक लुनसाई बोलायचे नदीच्या वरच्या अंगाची बोली,
मी ती जाकार्ताच्या भाषेत उतरवायचे,
होडीतून धान्य उतरवावं तशी,
ओलं होऊ न देता.
समोर नऊ न्यायमूर्ती, लाल-काळे झगे,
आणि एसी असा की म्हातारबांनी
साक्ष मधेच थांबवून शाल मागितली.
मी त्याचंही भाषांतर केलं.
नोंदीत आहे ते, पान एकशे बारा.
शाल एका कारकून बाईंनी दिली, हिरवी.

सरकारी वकिलांनी विचारलं,
हद्द कुठून कुठवर?
ते म्हणाले,
पणजीच्या दुरियानपासून
थोरला जावई रुसून बसला होता त्या ओढ्यापर्यंत.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
अक्षांश सांगा, वकील म्हणाले.
अक्षांशाचं काय करावं मला सुचेना.
मी विचारलं, काका,
वरून बघितलं तर कसं दिसतं?

लुनसाई बराच वेळ गप्प.
मग म्हणाले,
वरून बघायचं तर मधाच्या झाडावर चढावं लागतं,
अमावस्येला, हातात धुराची मशाल,
आणि चढताना झाडाची स्तुती गावी लागते,
नाहीतर ते धरत नाही.
माझा भाऊ चढायचा.
एका वर्षी गाता गाता खोकला आला त्याला.
त्या झाडावर आता तुमचा नंबर आहे,
लाल रंगात, छातीच्या उंचीवर.

वकील म्हणाले, ठीक. कागद आहे का?

कागद झाडाचाच करतात ना गं,
त्यांनी मला हळूच विचारलं,
मग सरळ झाडालाच का नाही विचारत?
हे मी भाषांतर केलं नाही.
थट्टा समजतील असं वाटलं.
'नाही' म्हटलं फक्त,
साक्षीदाराकडे कागद नाही.
पान एकशे चौदा.
तिथं माझी चूक आहे
आणि ती कुणी आव्हान देऊन
रद्द करणार नाही.

चौदा महिन्यांनी निकाल लागला.
दोघांचं मत वेगळं, सात आमच्या बाजूला:
सदर शब्द घटनेशी विसंगत,
सबब खोडण्यात येत आहे.
शब्द खोडला त्या दुपारी
अठरा खोडं ट्रकवर होती,
साखळदंडात, टोकं अजून पाझरती.
ड्रायव्हर आमच्याच गावचा पोरगा.
त्यानं हॉर्न वाजवून अभिनंदन केलं.

लुनसाईंना मी निकाल वाचून दाखवला,
सगळा, दोन रात्री लागल्या.
ऐकून झाल्यावर म्हणाले,
काढलेला शब्द ठेवतात कुठं?
कुठंच नाही, मी म्हटलं. गेला.
त्यांनी सुपारी कातरली.
टाकलेली बी कुठंतरी पडतेच, पोरी.
बघत राहा.

तालुक्याचे साहेब चांगले होते, चहा द्यायचे.
निकाल आलाय, म्हणायचे,
नियम यायचाय.
नियम आला की नकाशा,
नकाशा आला की समिती,
समितीत तुमचाही माणूस घेऊ की.

पावसाळा सरता सरता पाटी बदलली.
पत्रा नवा, खांब तोच.
लुनसाई काठी टेकत बघायला आले.
वाच, म्हणाले.
मी वाचलं.
तो शब्द खरंच नव्हता.
त्याच्या जागी होता 'राखीव'.

कुणासाठी, ते नव्हतं लिहिलेलं.

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत.
घरी गेले,
मचाणावरची पिशवी खाली घेतली,
परत द्यायची राहिलेली ती हिरवी शाल
घडी मोडून झटकली,
पुन्हा घडी घालून आत ठेवली.
तिकडं गार असतं, म्हणाले.