ठराव क्रमांक सात

प्रोसिडिंग बुकात मी लिहिते:
विषय, हरणांचा बंदोबस्त.
स्थळ, शाळेचा व्हरांडा,
कारण पारावर ऊन होतं.
(कारण लिहायचं नसतं. खोडते.)

सुभद्राबाई मस्के आधी उठल्या,
पदरात सोयाबीनची चार रोपं,
शेंडे नसलेली.
"दोनदा पेरलं. दोनदा चरून गेले.
आता तिसऱ्यांदा काय माझी हाडं पेरू?"
सरपंच म्हणाले, अर्ज करा.
"केलता की. तोबी हरणानंच खाल्ला असंल."

हसलो आम्ही. मीही हसले,
आणि अर्ज माझ्याच कपाटात आहे हे आठवलं.

मग यशपाल, लातूरला वकिली करणारा,
बाहेरच्या मुलखातला कायदा सांगत राहिला:
तिकडं शिकारीचे महिने ठरलेले असतात,
नर किती, मादी किती, माणसागणिक परवाना,
"कळप आटोक्यात राहतो, काका. शास्त्र आहे ते."
वनरक्षक गिरवलकर टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले,
रानडुकराचं असेल तर द्या, वर पाठवतो.
काळविटाचं नाव काढू नका.
पहिल्या अनुसूचीत आहे.
"मग आमचं नाव कितव्या अनुसूचीत?"
आवाज मागून आला. मी ओळखला.
नाव लिहिलं नाही.

"पण आहेत किती?"
चाळीस. दोनशे.
हजार, म्हणाला एक जण,
ज्याचं रान कॅनॉलच्या पल्याड,
जिथं हरीण जातच नाही.

तेव्हा कुणाला तरी सुरमन भोसले दिसला,
पायरीखाली, चपलांपाशी बसलेला.
"सुरमन, तुझ्या आज्याचे फासे हायत का रं घरात?"
कुणाचीही कोंबडी हरवली
की ज्याच्या पालावर गाव चालून जायचं,
त्याला आज सगळे म्हणाले, वर ये.
तो वर आला नाही.
तिथूनच बोलला, चपलांना सांगितल्यासारखं:

"आमच्यातबी हंगाम व्हता.
गाभण मादी घावली तर आजा
पाय मोकळे करून सोडून द्यायचा.
पावसाळ्यात फासे आढ्याला.
कुठं लिवलं नव्हतं, म्हणून गुन्हा झाला.
आता तुम्ही लिवणार, म्हंजी कायदा व्हईल.
फासे न्हाईत.
पोलिसांनी नेले. पावती दिली न्हाई."

पेन उचलून धरलं मी.
हे कोणत्या रकान्यात?

ठरलं एवढंच: आधी मोजू.

पहाटे गायरानाच्या कडेला आम्ही सहा जण,
सुरमन पुढं, वारा तोंडावर घेत.
धुक्यातून आधी शिंगं आली, पिळदार,
मग खाली एकेक देह जमत गेला.
बारा, सतरा, तेवीस,
आणि गिरवलकरांना शिंक आली.
सगळा कळप एकदम जमिनीवरून सुटला,
माझे आकडे त्यांच्या पायांखाली
कुठल्या कुठं.

मी सेहेचाळीस लिहिले. गिरवलकरांनी चव्वेचाळीस.
यशपालच्या मोबाइलात एकावन्न,
त्यातली दोन बाभळीची खोडं.

परतताना मस्केंच्या धुऱ्याजवळ
दोन ओळींच्या मध्ये पाडस होतं,
मातीला चिकटून, मातीच्याच रंगाचं,
फक्त कान हलत होता.
मी वही उघडली,
तर सुभद्राबाईंनी मनगट धरलं.
"त्याला नगं धरू. कालचंच असंल.
एवढ्यात मोजू न्हाई."
मग खाली वाकून
त्याच्या बाजूची दोन खुडलेली रोपं बघितली
आणि शिवी दिली. हळू आवाजात.

ठराव क्रमांक सात: पुढील सभेपर्यंत तहकूब.
सूचक, सुभद्राबाई नामदेव मस्के.
अनुमोदक म्हणून सुरमनचं नाव घालावं म्हटलं,
तर मतदार यादीत तो सापडेना.
जागा रिकामी ठेवलीय.

रात्री त्यांच्या रानातून पत्र्याचा डबा वाजतो.
खिडकीतून ऐकते मी.
पूर्वेच्या धुऱ्याकडं गेला
की जरा वेळ थांबतो.