जाता जाता

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," म्हणायची आई.
मी चढलेच नाही.
हल शहरात, बेकरीच्या माडीवर,
एकवीस वर्षं नुसते निकाल वाचते
आणि दर महिन्याला वकिलांना सांगते
कोणाचं काय झालं,
आणि त्यातलं त्यांच्या कामाचं किती.

सोमवारी गठ्ठा येतो.
सूचीकटाह न्याय: आधी सुई, मग कढई.
म्हणून पहिल्यांदा बेव्हर्लीचा कुंपणाचा दावा, नऊ पानी.
दोन मेहुणे, अकरा इंच जमीन,
ऐंशी हजार पौंड खर्च,
आणि सुनावणी लागेतो
ज्या झुडपांवरून भांडण, ती वाळून गेलेली.
दावं म्हणजे दोरीही असते आपल्याकडे,
गुराच्या गळ्यातली.
हे टिप्पणीत घालता येत नाही.
इंग्रजीत दोरी सुटून जाते.

मग मासळीच्या कारखान्यातली बाई.
गमबूट, जाळीची टोपी, हातमोज्यांचे दोन जोड
चढवायला लागणारी सात मिनिटं
मालकाची, की तिची?
तीन न्यायाधीश, अडतीस पानं, शेवटी: मालकाची,
तेव्हा पैसे द्या.
मी लिहिलं, "स्वागतार्ह, परंतु मर्यादित निर्णय."
त्या सात मिनिटांवर मी दोन दिवस काढले.
माझं बिल तिच्या आठवड्याच्या पगाराहून मोठं झालं.

मग जहाजातला भिजलेला गहू.
मग गाढवांच्या आश्रमाला सगळं ठेवून गेलेली म्हातारी,
आणि तिची मुलगी, जिला चहाची किटली मिळाली.
मग एक माणूस, ज्याने पहिल्या मुलाखतीत
घराचं दार निळं सांगितलं, दुसऱ्या मुलाखतीत हिरवं,
म्हणून ते दार फोडून आलेले सैनिक
आलेच नव्हते असं ठरलं.
अपील मंजूर. फेरसुनावणी. दाराचा रंग अनिर्णित.
पेन खाली ठेवून मी आठवत बसले,
मिरजेच्या आमच्या दाराचा रंग कोणता होता.
शपथेवर सांगता येणार नाही.

नव्या मुलांना मी शिकवते:
निकालात एक गोष्ट असते जिच्यावर तो उभा असतो.
ती बांधते.
बाकी न्यायाधीश जाता जाता बोलून जातात.
ते कुणाला बांधत नाही.
पहिलं उचला, दुसरं सोडा.

नोव्हेंबरात ताब्याचा खटला आला.
आई साउथॅम्प्टनला निघालेली, बाप इथे,
मुलाचं नाव गुप्त, म्हणून "क्ष".
परिच्छेद एकसष्ट:
क्षला विचारलं, तुला कुठे राहायचंय?
तो म्हणाला, "मांजर कुठे राहणार आहे?"
न्यायमूर्ती स्कर यांनी पुढे लिहिलंय,
"प्रश्न समंजस आहे, पण तो माझ्यापुढे नाही."

मला मुभा दीडशे शब्दांची.
अधिकारक्षेत्र, मुलाचं हित, स्थलांतर,
आधीचे तीन निर्णय, एक वेगळा पाडलेला.
कितीही आवरून लिहिलं
तरी मांजर बसेना.

डिसेंबरात वर्षाची सूची करायचं कामही माझ्याकडेच.
इंग्रजी अक्षरांच्या ओळीत
कार्गो आणि चॅरिटी यांच्या मधोमध,
भिजलेला गहू आणि गाढवं यांच्यात,
थोडी जागा होती.
मी टाईप केलं:
मांजर. पाहा: घर.
घराखाली सत्तावीस नोंदी आधीच होत्या,
गहाण, गळती, भाडं, जप्ती.

डोरीन स्टथर्स, आमची संपादक,
स्वल्पविरामाचासुद्धा मुलाहिजा ठेवत नाही.
प्रूफ परत आलं, पान चारशे बारा.
पेन्सिलीची खूण दिसली
आणि मी उत्तराची जुळवाजुळव करू लागले.

नोंद खोडलेली नव्हती.
शेजारी फक्त तिचं बारीक अक्षर:
"परिच्छेद क्रमांक राहिलाय."

घातला.
एकसष्ट.