डोल्गोरबाईंचं कमळ

कुलूप गोठलं होतं.
डोल्गोरबाईंनी किल्ली काखेत धरून ऊब दिली,
तोवर आम्ही पाय आपटत उभे, उणे एकतीस,
जर्गालच्या मिशांवर बर्फाची साय.

दारात दोन सिंह, लार्चच्या लाकडाचे.
कान लोंबते, शेपूट पाठीवर वळलेली
आणि डोळ्यांत भाकरीची आशा.
"बाईंच्या नवऱ्यानं कोरले," जर्गाल सांगू लागला,
"गर्माजाप. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा.
सिंह कुणी पाहिलाय इथं? कुत्र्याला समोर बसवलं.
तो बसेना, म्हणून एक पाय उचललेलाच राहिला."

आत लोण्याच्या दिव्यांचा वास
आणि एक निळा, येताना कुठंतरी भेटलेला:
शाळेच्या कुंपणावर, बसथांब्यावर,
एका कबरीच्या कठड्यावर.
गावात एकदाच निळा रंग आला होता, पिंपानं.
तो पुरला तिथवर छताचं आकाश झालं.
पुढं नुसता चुना.
"इथलं आकाश तसंही पांढरंच असतं."

बुद्धाचे गाल रुंद, वाऱ्यानं भाजलेले,
डोळे बारीक, जणू जन्मभर
बर्फावरच्या उन्हात
हरवलेली मेंढरं शोधलेली.

आसनाखाली कमळ.
ते बाईंनी स्वतः रंगवलेलं.
पानावर पान घट्ट, शिरा उठलेल्या,
गाभ्याशी फिकट हिरवं.
मी ओळखलं. बोलले नाही.

त्यांनीच विचारलं,
"तू कमळांच्या देशातली ना?
असंच असतं ना ते?"
हे विचारायला तीस वर्षांत
त्यांना कुणी भेटलं नसावं.

मी हो म्हणणार होते,
पण मलाच आठवेना.
कमळं मी विकत घेतली होती, वीसला दोन,
पानात गुंडाळलेल्या मिटल्या कळ्या,
देवापुढं ठेवून लगेच चपला शोधायला वळले होते.
उमललेलं पाहिलं ते
एका साबणाच्या वेष्टनावर.

"काढून दाखव," बाई म्हणाल्या.
खिडकीच्या काचेवर आतून गोठलेली वाफ.
मी नखानं एक पाकळी काढली,
मग तिच्यामागची, मग पोटातली,
आणि काचेत
हळूहळू कोबी धरत गेला.

जर्गाल उगाच एका वातीकडं वळला, खांदे हलत होते.
बाईंनी चष्मा पुसला.
माझ्या रेघांवरून सावकाश बोट फिरवलं.
"कडेची दोन चुकलीस," म्हणाल्या,
"ती बाहेर वळतात."